एतबाराचे कागद : जर्मनीतील गावोगावच्या नोटा

दोन महायुद्धांमधला जर्मनी शिकवायला घेतला की आमच्या वर्गात दरवर्षी हशा पिकतो. हातगाडीवर नोटांचे गठ्ठे रचून पाव आणायला निघालेला माणूस, नोटांच्या बंडलांचे ठोकळे करून खेळणारी मुले, सरपणाऐवजी चुलीत नोटा घालणारी बाई, ही चित्रे मुलांना सर्कशीसारखी वाटतात. मागे एकदा मात्र हसणे ओसरल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, इतनी नोटें छापने को तो टाइम लगता होगा. तब तक लोग सौदा कैसे लाते थे?" त्याच्या वडिलांचे किराणा दुकान आहे. गल्ल्यात सुटे नसले की काय होते, हे त्याला पुस्तकाबाहेरून ठाऊक होते. त्या दिवशी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते आमचे आम्हांलाच तोकडे वाटले. म्हणून वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे 'नोटगेल्ड'. जर्मन भाषेत 'नोट' म्हणजे नड, अडचण, आणि 'गेल्ड' म्हणजे पैसा. (आपण कागदी पैशाला म्हणतो ती नोट वेगळी, ती इंग्रजीतून आलेली.) तर नोटगेल्ड म्हणजे अडीनडीचा पैसा. तो देशाच्या सरकारने काढलेला नव्हे. तो काढला नगरपालिकांनी, बचत बँकांनी, कारखान्यांनी, खाणींनी.

आपल्याकडे एस.टी.च्या कंडक्टरजवळ सुटे नसले की तो तिकिटामागे बाकी रक्कम लिहून देतो. त्या आकड्याला दुसऱ्या गाडीत किंमत नाही, बाजारात तर नाहीच. तरी आपण उतरेपर्यंत ते तिकीट जपतो, कारण लिहून देणारा माणूस त्याच गाडीत आहे. नोटगेल्डची सुरुवात जवळपास एवढीच साधी होती.

जुलै १९१४ च्या शेवटी युद्धाची चाहूल लागली आणि लोकांनी सोन्याचांदीची नाणी घरात दडवली. ४ ऑगस्टच्या कायद्यांनी नोटेच्या बदल्यात सोने देण्याचे बंधन राइशबँकेवरून, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेवरून, निघाले. बाजारातली चिल्लर आटली. शनिवारी मजुरांना पगार काय द्यायचा? मग ठिकठिकाणच्या नगरपालिकांनी साध्या कागदावर एक मार्क, दोन मार्क, ५० फेनिग असे आकडे छापले, खाली नगराध्यक्षाची सही आणि गावाचा शिक्का. (१०० फेनिगचा एक मार्क.) पुढे तांबे आणि निकेल दारूगोळ्याच्या कामाला लागले, नाणी लोखंडाची आणि जस्ताची झाली, तीही पुरेनात, आणि गावांचे कागद वाढत गेले.

त्याच युद्धाची झळ हिंदुस्थानातही पोचली होती. चांदी मिळेना म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी इंग्रज सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि १९१८-१९ मध्ये दोन, चार व आठ आण्यांची निकेलमिश्रित नाणी आली. पण हे सगळे सरकारनेच केले. जर्मनीत मात्र हे काम गावांच्या हाती गेले.

युद्ध १९१८ मध्ये हरले तरी सुट्यांची टंचाई संपली नाही. उलट १९१९ ते १९२२ या काळात या नोटांना बहर आला. गावोगावच्या चित्रकारांना काम मिळाले. नोटेवर गावचा किल्ला, चर्च, गावची दंतकथा, गावच्या एखाद्या थोर माणसाचे चित्र. बीलेफेल्ड हे कापडाचे शहर, तिथल्या बचत बँकेने रेशमावर आणि तागाच्या कापडावर नोटा छापल्या. ओस्टरवीक आणि पोसनेक इथे चामड्याच्या नोटा निघाल्या. माइसेनच्या चिनी मातीच्या प्रसिद्ध कारखान्यात तर मातीची नाणी भाजली गेली. ज्या गावाचा जो हुन्नर, त्याचाच पैसा! आमच्यासारख्या, मालेगावचे माग आणि भिवंडीचे कारखाने पाहिलेल्या माणसाला रेशमी नोटेची ही गोष्ट वाचताना मौज वाटली, हे कबूल करतो.

हामेलन गावाच्या नोटेवर त्यांचा पुंगीवाला आहे. ती कथा आपल्या मुलांनाही माहीत असते. गावातले उंदीर पुंगी वाजवून नेले तर इतके पैसे देऊ, असा गावाने वादा केला. काम झाल्यावर शब्द फिरवला. मग तो पुंगीवाला गावची पोरे घेऊन गेला. ज्या गावाची जगभर ओळख वादा मोडणारे गाव अशी, त्याच गावाने ती कथा पैशाच्या कागदावर छापली. ते पाहून तेव्हा कुणी हसले असेल की नाही, कोण जाणे.

या रंगीत नोटांमागे एक हिशेबही होता. लोक त्या जमवू लागले, आल्बममध्ये लावू लागले, गावे संचच्या संच छापून विकू लागली. ५० फेनिगची नोट कुणी आल्बममध्ये ठेवून दिली की ती परत घेऊन फेनिग द्यायची गावावर वेळच येत नाही. म्हणजे तेवढी रक्कम गावाच्या तिजोरीत फुकट. काही नोटा बाजारात फिरल्याच नाहीत, थेट हौशी मंडळींच्या घरी गेल्या. शिवाय सगळी चित्रे गोडही नव्हती. काही नोटांवर ज्यू लोकांची विटंबना करणारी चित्रे आणि मजकूर आहे. रोज पाव-दूध घेताना हातोहाती जाणाऱ्या कागदावर हे छापले होते आणि खाली गावाची सही होती. १७ जुलै १९२२ च्या कायद्याने अशा नोटांवर बंदी आली. पण ती बंदी दोन-तीन महिनेही टिकली नाही, कारण आता निराळेच संकट उभे राहिले होते. आधी चिल्लर कमी होती, आता मोठ्या रकमेच्या नोटा कमी पडू लागल्या.

कारण मार्क कोसळत होता. सरकारने युद्धाचा खर्च करातून कमी आणि कर्जातून जास्त भागवला होता. जिंकलो की हरलेल्यांकडून वसूल करू, हा भरवसा. हरल्यावर वसुली उलटी सुरू झाली. मे १९२१ मध्ये १३,२०० कोटी सुवर्ण मार्कांची युद्धभरपाई ठरली. तूट नोटा छापून भरली जाऊ लागली. भरपाईचे हप्ते थकले म्हणून ११ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रुर या कोळशाच्या प्रदेशात घुसल्या. तिथल्या कामगारांनी कामावर बहिष्कार टाकला आणि त्यांचा पगार बर्लिनचे सरकार भरू लागले. उत्पन्न थांबलेले, खर्च दुप्पट. युद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. जानेवारी १९२३ मध्ये सुमारे १८,००० पडू लागले, ऑगस्टच्या सुरुवातीला दहा लाखांच्या वर गेले, आणि २० नोव्हेंबरला हा आकडा ४.२ लाख कोटी झाला. वर्गात हा आकडा आम्ही फळ्यावर लिहितो, बेचाळीसपुढे अकरा शून्ये, आणि मुले मोठ्याने मोजतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. राइशबँकेच्या दिमतीला १३३ छापखाने, त्यांतली १,७८३ यंत्रे आणि तीसहून अधिक कागद गिरण्या होत्या. तरीही नोटा पुरत नव्हत्या. बर्लिनहून निघालेली पेटी लांबच्या गावी पोचेपर्यंत आतल्या नोटांची किंमत अर्धीही उरलेली नसे. कारखान्याच्या दाराशी मजूर उभे, दुकानात दुपारपर्यंतचाच भाव खरा. मजुरी आधी आठवड्याला मिळे, मग रोज, काही ठिकाणी दिवसातून दोनदा. पैसे हाती पडताच बायका दुकानाकडे धावत. अशा वेळी गावातला छापखानाच कामाला आला, जिथे एरवी वर्तमानपत्र आणि लग्नपत्रिका छापल्या जात. चित्रांची हौस संपली. एका बाजूला छपाई, दुसरी बाजू कोरी. जुन्या हजाराच्या नोटा शिल्लक असतील तर त्यांच्यावरच लाल शाईत नवा आकडा मारायचा. थुरिंगियाच्या सरकारी बँकेने ऑगस्ट १९२३ मध्ये बाउहाउस या कलाशाळेतल्या हर्बर्ट बायर नावाच्या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याकडून दहा लाख, वीस लाखांच्या नोटा आखून घेतल्या. त्यांवर किल्ला नाही, राजा नाही, नुसती ठसठशीत अक्षरे. आज त्या कलेच्या इतिहासात आहेत. तेव्हा त्या काही दिवसांत रद्दी झाल्या.

दुकानदाराचे हाल विचारात घ्या. त्याच्या गल्ल्यात आपल्या गावच्या नोटा, शेजारच्या गावच्या, खाणीच्या, एसेनच्या क्रुप कारखान्याच्या, रेल्वेच्या, आणि राइशबँकेच्याही. सारे मार्कच, पण प्रत्येकाचा एतबार वेगळा. नगराध्यक्षाची सही ओळखीची, म्हणून गावची नोट चाले. शेजारच्या गावची घ्यायची तर थोडे कापून. रेल्वेच्या नोटा बऱ्याच लांबवर चालत, कारण रूळ सगळीकडे. व्यापाऱ्याची हुंडी कुठवर चालते हे त्याच्या पेढीच्या नावावर ठरे, अशी आपल्या जुन्या बाजारांचीही रीत होती. तीच रीत एका प्रगत, शिकलेल्या देशात कागदी पैशाला लागू झाली.

पण या गोष्टीकडे नुसते कौतुकाने पाहणे आम्हांला बरोबर वाटत नाही. नोट काढणाऱ्याने तेवढ्या रकमेचे तारण सरकारजमा ठेवावे असा नियम होता. अनेकांनी तो पाळला नाही, अनेकांनी परवानगीसुद्धा घेतली नाही. कारखान्याने आज मजुराला आपली नोट दिली आणि ती महिन्याने परत घेऊन राइशबँकेचे मार्क दिले, तर त्या महिन्यात मार्कची किंमत धुळीला मिळालेली. म्हणजे मजुराचे काम जवळजवळ फुकट पडले. नोटगेल्डने लोकांची चूल पेटती ठेवली हे खरे. त्याच नोटगेल्डने महागाईच्या आगीत तेल ओतले हेही तेवढेच खरे. आधी एकच छापखाना देशाला बुडवत होता, नंतर हजारो झाले.

आमच्या विद्यार्थ्यांना इथे हटकून महंमद तुघलक आठवतो, आणि दौलताबाद फार दूर नसल्यामुळे तो आम्हांलाही आठवतो. त्याने १३३० च्या आसपास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवली. घरोघरी खोटी नाणी पडू लागली आणि योजना फसली. पुस्तकांनी त्याला 'वेडा महंमद' ठरवले. पण पुढची गोष्ट पुस्तके घाईने सांगतात. सुलतानाने खजिना उघडला आणि लोकांनी आणलेल्या त्या नाण्यांच्या बदल्यात सोने-चांदी दिली. परत आलेल्या नाण्यांचे तुघलकाबादेत डोंगर झाले, असे बरनी लिहून गेला आहे. राज्याचे अतोनात नुकसान झाले, पण शिक्क्यावरचा शब्द पाळला गेला. जर्मन सरकारने काय केले ते पुढे पाहूच. वेडे कोण, याचा निकाल आम्ही वर्गात मुलांवर सोडतो, आणि मुलांमध्ये दरवेळी दोन तट पडतात.

त्या धामधुमीत ज्याच्या हाती परदेशी पैसा त्याला जर्मनी स्वस्त होता. त्या दशकात हिंदुस्थानी विद्यार्थी बर्लिनला जाऊ लागले होते. पुढे आपले राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन त्यांतलेच. अर्थशास्त्राची डॉक्टरेट त्यांनी बर्लिनहून १९२६ साली घेतली, आणि त्याआधी १९२५ मध्ये तिथल्या काव्यानी छापखान्यातून ग़ालिबचा सुबक दीवान छापून घेतला. ती छोटी प्रत उर्दूवाल्यांच्या घरांत अजून जपलेली आढळते. असो.

काही शहाण्या माणसांना लवकर कळले होते की मार्क या शब्दालाच आता अर्थ राहिलेला नाही. ओल्डनबुर्गच्या सरकारी पतसंस्थेने १९२२ च्या शेवटी चक्क राय या धान्याचे रोखे काढले. आज १२५ किलो रायची किंमत द्या, १९२७ मध्ये १५० किलोची किंमत घ्या, त्या वेळी भाव काहीही असो. आकड्यावरचा विश्वास उडाला की माणूस पुन्हा दाण्यावर येतो. आमचे आजोबा सालगड्याला पायलीने मेहनताना देत, त्यांना हे समजावून सांगावे लागले नसते. १९२३ च्या शरद ऋतूत सोन्याच्या किंवा डॉलरच्या भावाला बांधलेल्या, म्हणजे घसरू नयेत अशा, नोटाही निघाल्या. त्या ज्याला मिळाल्या तो तरला. सगळ्यांना मिळतील इतक्या त्या नव्हत्याच.

यातूनच ५ नोव्हेंबर १९२३ चा दिवस आला. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नाही. हातगाडीचे चित्र आहे, हा दिवस नाही. त्या दिवशी बर्लिनमध्ये पावाचा भाव एकदम १४,००० कोटी मार्कांवर गेला. रोजगार कचेरीपुढे हजारो बेकार लोक भत्त्यासाठी उभे होते. त्यांना सांगण्यात आले, पैसे संपले. आणि गर्दीत कुणीतरी आवई उठवली, की न घसरणाऱ्या त्या चांगल्या नोटा जवळच्या वस्तीतल्या गॅलिशियाकडच्या ज्यूंनी विकत घेऊन दडवल्या आहेत. ती वस्ती म्हणजे शोयनेनफीर्टेल, पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यूंची. फेरीवाले, शिंपी, जुन्या कपड्यांचे व्यापारी. बोली वेगळी, पेहराव वेगळा, दाढ्या. स्वतःच महागाईने पिचलेली माणसे. त्यांनी नोटा दडवल्याचा पुरावा कुणी मागितला नाही. पत्ता मात्र सगळ्यांना ठाऊक होता. ग्रेनाडियर रस्त्यावरची आणि आसपासची दुकाने फुटली, घरांत शिरून लूट झाली, माणसांना रस्त्यावर ओढून मारले, अंगावरचे कपडे फाडले. हे दुसऱ्या दिवशीही चालले. पोलीस सावकाश आले, आणि आल्यावर मार खाणाऱ्यांपैकीच काहींना धरून घेऊन गेले.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. नोटा कोण छापत होते, कोणत्या छापखान्यात, कुणाच्या सहीने, हे सारे उघड होते. राइशबँकेचा अध्यक्ष हाफेनश्टाइन याने ऑगस्टमध्ये जाहीर सभेत आपली यंत्रे दिवसाला किती नोटा काढू शकतील हे अभिमानाने सांगितले होते. त्याच्या दारावर कुणी दगड मारला नाही. तीनच दिवसांनी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, म्युनिकच्या बिअर हॉलमध्ये हिटलरने बंड पुकारले. ते फसले. पण ९ तारखेच्या सकाळी त्याच्या माणसांनी ज्यू मालकांच्या छापखान्यांतून सरकारसाठी छापलेल्या नोटांचे गठ्ठे उचलून आपल्या लोकांना मेहनताना वाटला होता.

मग सगळे आश्चर्य वाटावे इतक्या लवकर थांबले. १५ नोव्हेंबरला रेंटनमार्क नावाचे नवे चलन आले. एका रेंटनमार्कला जुने एक लाख कोटी मार्क. त्याच्या मागे सोने नव्हते. देशातली शेतजमीन आणि कारखाने यांवर कागदोपत्री ३२० कोटींचा बोजा चढवला आणि तेच तारण. तारणापेक्षा महत्त्वाचे म्हणजे नोटा ठरल्या रकमेपलीकडे छापायच्या नाहीत, हा शब्द या वेळी पाळला गेला. चलन आयुक्त म्हणून नेमलेल्या शाख्तने पहिला तडाखा नोटगेल्डलाच दिला. २२ नोव्हेंबरपासून राइशबँक गावांचे आणि कारखान्यांचे कागद स्वीकारणार नाही. २५ तारखेला कोलोनमध्ये ऱ्हाइनकाठच्या शहरांचे प्रतिनिधी आणि कारखानदार त्याच्यावर तुटून पडले. आमच्या नोटा घेतल्या नाहीत तर उद्या मजुरांना काय देऊ, असे त्यांचे म्हणणे. शाख्त हलला नाही. हाफेनश्टाइन २० नोव्हेंबरलाच वारला होता, ज्या दिवशी डॉलरचा भाव ४.२ लाख कोटींवर बांधला गेला, त्याच दिवशी.

आणि हिशेब? सरकारने युद्धासाठी जनतेकडून घेतलेले कर्ज होते सुमारे १५,४०० कोटी मार्क. मास्तर, कारकून, विधवा, पोस्टातले कामगार, सगळ्यांनी देशाच्या नावाने ते दिले होते. नव्या हिशेबात ते सारे कर्ज १५.४ फेनिग ठरले. एका मार्कचा सहावा हिस्सासुद्धा नाही. लोकांनी आरडाओरड केली, खटले भरले. १६ जुलै १९२५ च्या कायद्याने गहाणाच्या कर्जाची २५ टक्के रक्कम आणि सरकारी रोख्यांची अडीच टक्के देण्याचे ठरले, तेही सावकाश. ज्याने जमीन किंवा कारखाना कर्ज काढून घेतला होता तो मालामाल झाला. ज्याने पै पै बँकेत टाकली होती तो बुडाला. तुघलकाच्या खजिन्याची आठवण आम्हांला इथे होते.

त्या मुलाला हे सगळे आम्ही दोन तासांत सांगितले. हामेलनच्या नोटेचे चित्र मोठे करून वर्गात फिरवले. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, इस पे ये तारीख काय को लिखी है?" आम्ही सांगितले, त्या तारखेनंतर नगरपालिका या नोटेचे पैसे देणार नाही, म्हणून.

तो म्हणाला, "हमारे अब्बा तो उधारी की वही में ऐसी तारीख नहीं लिखते."